एकाच पट्ट्यावर मशीद, सिनेगॉग आणि मठ

तोलेदोमध्ये तिकीट हातात देत नाहीत, मनगटाला पट्टा बांधतात. दवाखान्यात ॲडमिट झाल्यावर बांधतात ना, तसाच. भाची माद्रिदला नोकरीला आहे, तिच्याकडे गेलो होतो. आतोचा स्टेशनवरून रेल्वेने अर्धा तास लागतो. खिडकीवरच्या बाईने पट्टा बांधला, हातात नकाशा दिला आणि सांगितलं, यावर सात ठिकाणं बघता येतील. नकाशा उघडला. त्यात एक जुनी मशीद, एक जुनं सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एक फ्रान्सिस्कन मठ, काही चर्चेस. पट्टा एकच, आणि तिकिटाचे पैसे घेणारा एकच : कॅथलिक चर्च. दिवसभर डोक्यात हाच पट्टा फिरत होता, म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल.

सुरुवात मशिदीपासून केली. तिचं आजचं नाव 'क्रिस्तो दे ला लुस', म्हणजे प्रकाशाचा ख्रिस्त. आपल्या एखाद्या वाड्याच्या देवघराएवढीच म्हणा ना. चार खांब, वर नऊ छोटे घुमट आणि प्रत्येक घुमटाची नक्षी वेगळी. दर्शनी भिंतीवर विटांमध्येच अरबी लेख आहे : अहमद इब्न हदीदी याने स्वतःच्या पैशाने ही मशीद बांधली, हिजरी सन ३९०. म्हणजे इ.स. ९९९. आतले खांब त्याच्याही आधीचे, व्हिसिगॉथ राजांच्या काळातल्या इमारतींमधून उचलून आणलेले. १२व्या शतकाच्या शेवटी ही जागा ख्रिस्ती सरदारांच्या एका संघाकडे गेली. त्यांनी मशीद पाडली नाही. मागच्या बाजूला एक अर्धगोल गाभारा जोडला आणि त्यात ख्रिस्ताचं चित्र काढलं. जोड कुठे आहे ते आजही स्पष्ट दिसतं.

राजा सहावा आल्फोन्सो याने १०८५ मध्ये तोलेदो जिंकलं, तेही वेढा आणि वाटाघाटी करून. जुन्या इतिवृत्तात एक कहाणी येते. मुख्य मशीद मुसलमानांकडेच राहील असा शब्द राजाने दिला होता. राजा बाहेरगावी गेला. मागे त्याची फ्रेंच राणी कोन्स्तान्सा आणि फ्रेंच आर्चबिशप बेर्नार्दो यांनी रात्रीतून माणसं घालून मशीद ताब्यात घेतली, वेदी मांडली, घंटा टांगली. राजा संतापून परत निघाला, दोघांना जबर शिक्षा करायचीच म्हणून. वाटेत त्याला शहरातले मुसलमान सामोरे गेले आणि त्यांच्या धर्मपंडिताने, अबू वलीदने, राजाला विनंती केली की त्यांना माफ करा. कारण साधं होतं : आज शिक्षा झाली तर उद्या त्याचं उट्टं आमच्यावर निघेल.

कहाणी जशीच्या तशी घडली का, यावर इतिहासकारांना शंका आहे. पण तोलेदोच्या भव्य कॅथेड्रलमध्ये (ते १२२६ मध्ये त्याच मशिदीच्या जागेवर सुरू झालं आणि पूर्ण व्हायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली) मुख्य वेदीजवळच्या एका खांबावर त्या धर्मपंडिताचा पुतळा आहे. मशीद गेली, तिच्या जागी उभ्या राहिलेल्या चर्चच्या गाभाऱ्यात हा माणूस उभा आहे. उपकार मानले म्हणायचे की पावती घेतली म्हणायची, ज्याने त्याने ठरवावं. मी बराच वेळ बघत बसलो.

तिथून ज्यू वस्तीकडे उतरलो. 'सांता मारिया ला ब्लांका' बाहेरून साधं घर वाटतं. आत पाऊल टाकलं की पांढऱ्याशुभ्र खांबांच्या रांगा आणि वर घोड्याच्या नालासारख्या कमानी. कुणालाही वाटेल मशीदच आहे. पण हे ज्यूंचं सिनेगॉग, ख्रिस्ती राजाच्या राज्यात उभं राहिलेलं, मुसलमानी धाटणीच्या कारागिरीचं. आणि नाव मेरीमातेचं.

हे नाव कसं आलं? १३९१ मध्ये स्पेनभर ज्यूंविरुद्ध दंगली पेटल्या, हजारो मारले गेले, हजारोंनी जीव वाचवायला बाप्तिस्मा घेतला. पुढच्या शतकाच्या सुरुवातीला हे सिनेगॉग चर्च झालं. १६व्या शतकात आर्चबिशप सिलिसेओ याने इथे वेश्याव्यवसाय सोडलेल्या स्त्रियांसाठी आश्रम काढला. नंतर सैनिकांची बराक, मग कोठार. सरकारी कागदावर जुन्या इमारतींचं जे जे होतं ते सगळं हिचं झालं.

हा सिलिसेओ लक्षात ठेवा. १५४७ मध्ये त्याने तोलेदोच्या कॅथेड्रलसाठी 'रक्तशुद्धी'चा नियम केला. ज्यांचे पूर्वज ज्यू किंवा मुसलमान होते त्यांना कॅथेड्रलमध्ये पद नाही. म्हणजे आधी धर्म बदलायला लावायचा, आणि बदलल्यावर म्हणायचं, तुझं रक्त जुनंच आहे. त्याच्याही आधी, १४९२ मध्ये, ज्यूंना बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा असा हुकूम निघाला होता.

यातला एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. त्या हुकुमाने स्पेन सोडून पोर्तुगालला गेलेल्या एका ज्यू कुटुंबातला मुलगा गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये वैद्य म्हणून गोव्यात आला. मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो वारला १५६८ मध्ये. पुढच्याच वर्षी गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं, कारण ती लपून ज्यू धर्म पाळते असा आरोप होता. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडंही उकरून जाळली. मेलेल्या माणसावरही कारवाई होते, हे तेव्हापासून आहे.

असो. काही वर्षांपूर्वी स्पेनमधल्या ज्यूंच्या संघटनेने ही वास्तू आम्हाला परत द्या, निदान प्रतीक म्हणून तरी, अशी मागणी केली होती. वास्तू अजून चर्चकडेच आहे. पाच मिनिटांवर दुसरं सिनेगॉग आहे, 'एल त्रान्सितो', राजाचा ज्यू खजिनदार सामुएल लेवी याने १४व्या शतकात बांधलेलं. (पुढे राजाने त्यालाच अटक केली आणि छळात तो मेला.) ते सरकारी संग्रहालय आहे, तिथे मनगटावरचा पट्टा चालत नाही. वेगळं तिकीट.

सान हुआन दे लोस रेयेस हा मठ इसाबेला राणी आणि फर्नांदो राजाने १४७६ च्या तोरोच्या लढाईनंतर बांधायला घेतला. आपण मेल्यावर इथेच पुरावं असा बेत होता. पण १४९२ मध्ये ग्रानादा पडलं, तो विजय मोठा ठरला, आणि कबर तिकडे गेली. मठाच्या बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळदंड लटकलेले आहेत. ग्रानादाच्या राज्यातल्या कैदेतून सुटलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या या बेड्या, असं सांगतात. पाचशे वर्षं झाली. आत नक्षीच्या ओसऱ्या आहेत, मधे बाग आहे, सगळं सुंदर. पण मला आठवतात त्या बेड्याच.

याच मठाला नेपोलियनच्या फौजांनी आग लावली. आणि १८३०च्या दशकात मेन्दिसाबल नावाच्या मंत्र्याने देशभरातले मठ बंद करून त्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. सरकारी तिजोरी रिकामी होती, युद्ध चालू होतं. तेव्हा इथल्या साधूंनाही बाहेर पडावं लागलं. म्हणजे घेणाऱ्याकडूनही घेतलं गेलं.

आता माझ्या आवडीची जागा. आम्ही तालुका कोर्टाच्या बाकड्यावर बसून बातम्या करणारी माणसं, त्यामुळे सांतो तोमे चर्चमध्ये मी चित्रापेक्षा खटल्यातच अडकलो. एल ग्रेकोचं 'ओर्गासच्या काउंटचा दफनविधी' हे जगप्रसिद्ध चित्र इथे आहे, जवळपास पावणेपाच मीटर उंच. ओर्गासचा हा जमीनदार १३२३ मध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं की ओर्गास गावाने या चर्चला दरवर्षी दोन मेंढे, सोळा कोंबड्या, दारूच्या दोन पखाली, दोन ओझी सरपण आणि ८०० माराव्हेदी नाणी द्यायची. गावाने दोनशेहून जास्त वर्षं दिलं आणि मग बंद केलं. चर्चचा पाद्री आंद्रेस नून्येस चिवट माणूस. तो वायादोलिदच्या कोर्टात गेला आणि १५६९ मध्ये जिंकला.

मग १५८६ मध्ये त्याने एल ग्रेकोला चित्र सांगितलं. दंतकथा अशी की काउंटला पुरताना स्वर्गातून दोन संत उतरले आणि त्यांनी आपल्या हाताने त्याला कबरीत ठेवलं. वर आकाश उघडलंय, खाली काळ्या कपड्यातले तोलेदोचे प्रतिष्ठित उभे आहेत, एका कोपऱ्यात चित्रकाराचा लहान मुलगा. आणि चित्राखालच्या लॅटिन लेखात गावाने थकवलेली देणगी आणि कोर्टाचा निकालही आहे. थकबाकीदार गावाची नोटीसच लावली म्हणा.

गंमत पुढे आहे. चित्राची किंमत ठरली १२०० डुकाट. चर्च म्हणालं, फार झाले. फेरमूल्यांकन झालं तर आकडा आला १६००! शेवटी घासाघीस होऊन १२०० वरच मिटलं. ज्या पाद्रीने कोंबड्यांसाठी गावाला कोर्टात खेचलं, त्याच्याच चर्चला चित्रकाराचे पैसे द्यायला जड गेलं. चित्रासमोर गर्दी इतकी होती की मागून धक्के बसत होते, आणि मी एकटाच हसत होतो.

संध्याकाळी स्टेशनकडे निघताना एका ननांच्या मठात शिरलो. आत जाता येत नाही, भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं. घंटी वाजवायची, मग पलीकडून आवाज येतो. बदाम आणि साखरेचं मार्झिपान इथल्या नना करतात, मठाच्या उत्पन्नाला तोच हातभार. भाचीने स्पॅनिशमध्ये अर्धा किलो मागितलं. मी कपाटात पैसे ठेवले, कपाट गर्रकन फिरलं, परत आलं तेव्हा त्यात डबा आणि सुटे पैसे होते. पलीकडच्या बाईचा आवाज खूप म्हातारा वाटला. भाचीने विचारलं, किती जणी आहात? उत्तर आलं, "चौघी." कपाट पुन्हा फिरलं आणि बंद झालं.