बर्नहाइमचा अर्ज : नाझी कायद्यांना चार वर्षे अडवणारा कागद

१/ एप्रिल १९३३. जर्मनीतील अप्पर सायलेशियातल्या ग्लायवित्स शहरात एका डिपार्टमेंट स्टोअरने फ्रान्त्स बर्नहाइम या कर्मचाऱ्याला कामावरून काढले. कारण एकच : तो ज्यू होता. पुढच्याच महिन्यात त्याच्या अर्जामुळे हिटलरच्या सरकारला जिनिव्हात खुलासा करावा लागला. त्या अर्जाची ही हकिकत.

२/ पहिल्या महायुद्धानंतर पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आदी देशांवर अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे करार बंधनकारक झाले. देखरेख राष्ट्रसंघाची होती. बड्या राष्ट्रांनी मात्र स्वतःला या बंधनातून मोकळे ठेवले. जर्मनीही मोकळाच राहिला. अपवाद केवळ एका प्रदेशाचा.

३/ हा अपवाद म्हणजे अप्पर सायलेशिया. १९२१ च्या सार्वमतानंतर कोळसा आणि कारखान्यांनी समृद्ध असलेला हा प्रदेश जर्मनी व पोलंड यांच्यात विभागला गेला. १५ मे १९२२ रोजी जिनिव्हात झालेल्या करारान्वये दोन्ही देशांनी तेथे वंश, भाषा वा धर्म न पाहता सर्वांना समान वागणूक देण्याची हमी दिली. मुदत १५ वर्षे.

४/ या कराराचे १४७ वे कलम विलक्षण होते. इतरत्र अल्पसंख्याकांचा अर्ज ही राष्ट्रसंघाच्या लेखी नुसती माहिती असे. एखाद्या सदस्य राष्ट्राने प्रश्न उचलला, तरच तो परिषदेपुढे येई. येथे मात्र पीडित व्यक्ती थेट परिषदेकडे दाद मागू शकत होती.

५/ ही फट ज्यू संघटनांच्या नेत्यांनी, विशेषतः लिओ मोट्स्किन यांनी, नेमकी हेरली. त्यांना हवा होता त्या प्रदेशातला एक अर्जदार. तो बर्नहाइमच्या रूपाने मिळाला. ज्यूंना सरकारी नोकरी, वकिली व शिक्षणातून दूर सारणारे एप्रिल १९३३ चे कायदे कराराचा भंग करतात, असे अर्जात मांडले होते.

६/ जर्मनीने बर्नहाइमच्या अर्ज करण्याच्या अधिकारावरच आक्षेप घेतला. कायदेतज्ज्ञांच्या समितीने तो फेटाळला. जर्मनीचा बचाव असाही होता : देशांतर्गत कायद्याने आंतरराष्ट्रीय बंधन मोडत नाही, काही घडले असल्यास ती कनिष्ठ अधिकाऱ्यांची चूक. आयर्लंडचे शॉन लेस्टर यांचा अहवाल जूनमध्ये परिषदेने स्वीकारला.

७/ परिणाम? अप्पर सायलेशियात ज्यूविरोधी कायद्यांची अंमलबजावणी थांबली. १९३५ चे न्युरेंबर्ग कायदेही तेथे लागू झाले नाहीत. जर्मनी ऑक्टोबर १९३३ मध्ये राष्ट्रसंघातून बाहेर पडला, तरी हा करार टिकून राहिला.

८/ पण प्रांताची सीमा ओलांडताच हे कवच संपत असे. बर्लिन वा फ्रँकफर्टमधल्या ज्यूंसाठी असा कोणताही करार नव्हता. त्यांचा छळ जर्मनीची 'अंतर्गत बाब' ठरला.

९/ १५ जुलै १९३७ रोजी कराराची मुदत संपली आणि तेच कायदे अप्पर सायलेशियातही लागू झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ग्लायवित्सचे सिनेगॉग जाळण्यात आले.

१०/ म्हणून बर्नहाइमच्या अर्जाला निव्वळ विजय म्हणता येत नाही, निव्वळ अपयशही नाही. कागदावरचा हक्क माणसांना वाचवू शकतो, हे त्याने सिद्ध केले. मात्र तो हक्क एका प्रदेशापुरता आणि एका मुदतीपुरता दिला, तर संरक्षणही तेवढ्यापुरतेच मिळते. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात धर्मस्वातंत्र्य 'प्रत्येक' व्यक्तीचे मानले गेले. त्या एका शब्दाचे मोल ग्लायवित्सच्या इतिहासातून कळते.