सामुदायिक रेडिओ व व्हिडिओ: थेट प्रसारणाचे शिक्षण

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जहिराबादजवळ माचनूर हे एक लहान गाव आहे. तेलंगणातील पूर्वीच्या मेदक आणि आताच्या संगारेड्डी जिल्ह्यातील या गावातून १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’चे प्रसारण ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेशी संलग्न असलेल्या दलित शेतकरी महिलांच्या संघांनी हे केंद्र चालविले. स्वयंसेवी संस्थेला मिळालेल्या परवान्यावर सुरू झालेले हे देशातील पहिले सामुदायिक रेडिओ केंद्र मानले जाते. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघींनी निवेदन आणि निर्मिती या दोन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या.

विशेष म्हणजे येथील शिक्षणाचा प्रारंभ प्रसारणाच्या तब्बल दहा वर्षे आधी झाला होता. युनेस्कोच्या साहाय्याने १९९८ च्या सुमारास ध्वनिमुद्रणाची सामग्री उपलब्ध झाली. परवाना मात्र नव्हता. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला होता. तरीही २००२ च्या धोरणाने केवळ शैक्षणिक संस्थांना अनुमती दिली. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये सुरू झाले. स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडले ते नोव्हेंबर २००६ मध्ये. तोपर्यंत पस्तापूर-माचनूर परिसरातील महिला कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून त्यांच्या कॅसेट गावोगावच्या संघांच्या बैठकांत वाजवीत असत. हा विलंब अन्यायकारकच होता. मात्र शिकणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा एक लाभ झाला. आपला कार्यक्रम ऐकताना बायका कोठे हसतात, कोठे आपसात बोलू लागतात, हे निर्मात्यांना समोर बसून पाहता आले. मोठ्या केंद्रांतील निर्मात्यांना अशी संधी क्वचितच मिळते.

ध्वनिमुद्रित कार्यक्रमातील चूक कापून टाकता येते. थेट प्रसारणात ती सोय नसते. सामुदायिक केंद्राचा प्रक्षेपक साधारणतः ५० वॅटचा, मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत आणि प्रसारणाचा पल्ला दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. एवढ्याशा परिघात बोलणारा आणि ऐकणारा बहुधा एकमेकांना ओळखतात. त्यामुळे येथे चुकीचे मोल मोठ्या वाहिनीपेक्षा अधिक असते, कमी नव्हे.

तंत्राचा भाग तसा लवकर आत्मसात होतो. माईक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना फटका बसत नाही. मिक्सरवरील आवाजाची पातळी तांबड्या खुणेपर्यंत जाऊ देऊ नये. हेडफोन कानावरून काढू नये, कारण खोलीत ऐकू येणारा आवाज आणि प्रक्षेपित होणारा आवाज एकच असेल याची शाश्वती नसते. दूरध्वनीवरील श्रोत्याला घरातील रेडिओ बंद करण्यास आधीच सांगावे लागते. ते राहून गेले तर तोच आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून घुमू लागतो, शिवाय श्रोता स्वतःचे शब्द ऐकत अडखळतो. पाहुणा आला नाही किंवा फोन तुटला तर लावण्यासाठी एक गाणे नेहमी हाताशी तयार असावे. चार-पाच सेकंदांची शांतता स्टुडिओत जाणवतही नाही; श्रोत्याला मात्र केंद्र बंद पडल्यासारखे वाटते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून करण्याची सवय लागण्यास अधिक दिवस जातात. कार्यक्रम नऊ वाजता संपवायचा असेल, तर निरोपाला एक मिनिट आणि अखेरच्या गीताला चार मिनिटे धरून आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी बोलणे थांबले पाहिजे. काचेपलीकडील सहकाऱ्याच्या हातवाऱ्यांवरून निवेदिकेने हे ओळखायचे असते. यासाठी अक्षरओळख आवश्यक नाही. अहमदाबादमध्ये ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये ज्या महिलांना व्हिडिओचे प्रशिक्षण दिले, त्यांतही निरक्षर महिला होत्या.

खरी परीक्षा असते ती प्रसंगावधानाची. समजा, पाणीटंचाईवर थेट चर्चा सुरू आहे आणि फोनवरील श्रोत्याने एकाएकी गावातील रेशन दुकानदाराचे नाव घेऊन त्याच्यावर चोरीचा आरोप केला. मोठ्या वाहिन्यांकडे प्रसारण काही सेकंद मागे ठेवणारे यंत्र असते. लहान केंद्राला ते सहसा परवडत नाही. म्हणून फोन प्रसारणात घेण्यापूर्वी सहकाऱ्याने श्रोत्याशी बोलून विषय जाणून घ्यावा, निवेदिकेने एक बोट त्याच्या फेडरवर ठेवावे आणि गरज पडताच आवाज उतरवून शांतपणे मूळ विषयाकडे वळावे, अशी पद्धत शिकविली जाते. श्रोत्याला झिडकारून चालत नाही. तो उद्या बाजारात भेटणार असतो, आणि त्याची तक्रार खरीही असू शकते.

येथे नियमांचाही प्रश्न येतो. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या व चालू घडामोडी प्रसारित करण्यास मनाई आहे. आकाशवाणीची वार्तापत्रे तेवढी देता येतात. स्थानिक प्रशासनाने दिलेली पाणी, वीज, आरोग्य वा आपत्तीविषयीची सूचना बातमी समजली जात नाही. कार्यक्रमांपैकी किमान निम्मे स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेले असावेत, अशी अट आहे. या दोन अटींची सांगड घालणे थेट प्रसारणात कठीण जाते, कारण लोकांना बोलते केले की ते घडामोडींवरच बोलतात. बातम्यांवरील या निर्बंधाला ‘कॉमन कॉज’ या संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. परवाना मात्र केंद्राच्या नावावर असतो, आणि माईकसमोर बसलेल्या नवशिक्या निवेदिकेला निर्णय दोन सेकंदांत घ्यायचा असतो. प्रशिक्षण वर्गात तंत्राला जेवढा वेळ दिला जातो, तेवढा अशा प्रसंगांच्या सरावालाही दिला जाणे आवश्यक आहे.

व्हिडिओच्या बाबतीतही पस्तापूरचा अनुभव बोलका आहे. या संस्थेचे संचालक पी. व्ही. सतीश हे पूर्वी दूरदर्शनमध्ये निर्माते होते. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथील महिलांना कॅमेरा हाताळण्यास शिकविण्यात आले. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी स्वतःची नावे दिली. वरून खाली पाहणारा तो ‘पटेल शॉट’, कारण तेथील पटेल, म्हणजे मराठवाड्यातील पाटलासारखा गावचा प्रमुख, त्यांच्याकडे तसा पाहत असे. खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट. डोळ्यांच्या पातळीवरचा तो ‘संघम शॉट’, कारण संघाच्या बैठकीत सर्व जणी एकाच जमिनीवर बसतात. इतकी नेमकी परिभाषा पाठ्यपुस्तकांतही सहजी सापडत नाही. वरंगळच्या शेतकऱ्यांचा बीटी कापसाचा अनुभव त्यांनी २००३ मध्ये चित्रफितीद्वारे मांडला.

मोबाईल फोनमुळे थेट चित्रण आता कोणालाही शक्य झाले आहे. त्यासाठी प्रसारणाचा परवाना लागत नाही, आणि नेमका हाच त्यातील धोका आहे. चित्र अस्पष्ट असले तरी प्रेक्षक थांबतो; आवाज फाटला की निघून जातो. म्हणून कॉलरला लावायचा साधा माईक महागड्या कॅमेऱ्यापेक्षा आधी घ्यावा. चित्रणापूर्वी त्या जागी नेटवर्क किती टिकते, याची चाचणी करावी आणि येणारे फोन बंद ठेवावेत.

रेडिओवर तक्रारदार महिलेचे नाव झाकता येते. थेट व्हिडिओत तिचा चेहरा, तिचे घर, अंगणात उभी असलेली मुले सारेच एका क्षणात बाहेर जाते. नंतर चित्रफीत काढून टाकली तरी तोवर ती कोणाच्या फोनमध्ये साठविली गेली, हे कळत नाही. त्यामुळे संमती घेताना ‘व्हिडिओ काढू का?’ एवढेच विचारणे अपुरे ठरते. हे कोण पाहील, सासरचे पाहतील काय, सावकार पाहील काय, हे तिच्याशी बोलून घ्यावे लागते. तिचे उत्तर डळमळीत असेल तर थेट प्रसारण टाळून आधी ध्वनिमुद्रण करावे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ पासून चालणाऱ्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारख्या केंद्रांचा श्रोतृवर्गही प्रामुख्याने ग्रामीण आहे, आणि तेथेही बोलणारी स्त्री दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जाणार असते.

नियमानुसार प्रत्येक केंद्राला प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण तीन महिने जतन करावे लागते. हे बंधन मूलतः देखरेखीसाठी आहे. शिकणाऱ्यांच्या हाती मात्र त्यामुळे रोजचा धडा आयता पडतो. प्रसारण संपल्यावर त्याच रात्री दहा मिनिटे ते ऐकावे, फोन कोठे उशिरा उतरविला याची नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी फेडरवर दुसरीने बसावे.