आवृत्तीचे आयुष्य

ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुनी प्रत निकामी होत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचे तसे नाही. दुरुस्त्या येणे थांबले की ती असुरक्षित होते. 'उबुंटू' ही मुक्तस्रोत प्रणाली २००४ साली अवतरली. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येकीला आधार दीडच वर्षे, असा तिचा आरंभीचा क्रम होता. आमच्या मुरुडसारख्या गावी (लातूरजवळचे, कोकणातले नव्हे) संगणक मोडेपर्यंत वापरला जातो. तिथे हा वेग परवडणारा नव्हे.

१ जून २००६ रोजी आलेली ६.०६ ही दीर्घकालीन आधाराची पहिली आवृत्ती. घरगुती संगणकाला तीन वर्षे, सर्व्हरला पाच. २०१२च्या १२.०४पासून दोहोंनाही पाच वर्षे मिळू लागली. पण आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो ६.०६चा विलंब. ती एप्रिलमध्ये यायची होती. सहा आठवडे मुद्दाम घेतले गेले, आणि त्यामागच्या कारणांत चाचण्यांच्या जोडीने निरनिराळ्या भाषांसाठीचे कामही होते. भाषेसाठी वेळापत्रक थांबावे, हे आपल्या क्रमिक पुस्तकांच्याही वाट्याला क्वचितच येते! असो.

मराठीपुरते पाहता दीर्घायुष्य केवळ प्रणालीला असून भागत नाही, अक्षरांनाही ते लागते. कवी आणि अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'रघू' हा देवनागरी टंक मुक्त परवान्याने उपलब्ध झाला. जोशी २००८ साली गेले. टंक कोणालाही वापरता, सुधारता येतो. उलट, युनिकोडपूर्व खासगी टंकांत जुळवलेले मराठी लेखन, तो टंक नसलेल्या यंत्रावर, आजही रोमन चिन्हांचा ढिगारा होऊनच उघडते.