सड्यावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ

डिचोली, साखळी किंवा सांगे भागातून जाताना एखादी टेकडी बारमाही हिरवीगार दिसली आणि तिच्यावर एकाच जातीची झाडं दाटीवाटीनं उभी असली, तर जरा निरखून बघावं. पुष्कळदा तो खाणीचा डंप असतो, आणि झाड असतं आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ. जिथे जुना नकाशा हाताशी नसतो, तिथे खाणीचा माग काढायला हे झाड उपयोगी पडतं.

अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस हे तिचं शास्त्रीय नाव. शेंगा पिळवटून कानासारख्या दिसतात, त्यावरून ते पडलं. मूळ उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि इंडोनेशियाच्या काही भागातलं. आपण जी तिची पानं म्हणतो ती खरं तर पानंच नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत. कोवळ्या रोपाला आधी आपल्या बाभळीसारखी बारीक पानं येतात, मग ती जाऊन हे चामड्यासारखे देठ उरतात. त्यांतून पाणी कमी उडतं, म्हणून भर वैशाखातही झाड हिरवं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे कस नसलेल्या मातीतही ते झपाट्यानं वाढतं.

गोव्याला नेमकं असंच झाड हवं होतं. पोर्तुगीज अमदानीतच, १९५० च्या दशकात, इथलं लोहखनिज जपानला जाऊ लागलं. एक टन खनिज काढायचं तर साधारण अडीच-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. त्याचेच डोंगर झाले. पावसाळ्यात ते धुपून खालच्या भातशेतांत आणि ओहोळांत उतरायचे. हा लाल गाळ धरून ठेवायला आकेशिया लावली, आणि ते काम तिनं बऱ्यापैकी केलं, हे मान्य करायला हवं.

सड्यांची गोष्ट मात्र निराळी. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगानं सामाजिक वनीकरणाची शिफारस केली आणि पडीक जमिनी हिरव्या करायची लाट देशभर आली. जांभ्याचा उघडा सडा कागदोपत्री ‘पडीक’च. पण पावसाळ्यात त्याच सड्यावर गवत माजतं, सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, गावची आणि गवळी-धनगरांची गुरं चरतात. आकेशियाचा पाला गुरं सहसा तोंडात धरत नाहीत. लागवड करणाऱ्यांना हा गुणच वाटला, कारण कुंपण-राखणीचा खर्च वाचला. गुरं राखणाऱ्याला तोच गुण नडला. गळलेला पाला लवकर कुजत नाही, त्याच्या जाड थराखाली गवत धड उगवत नाही. चराई गेली ती कुणी हिसकावून घेतली नाही, सावलीखाली हळूहळू मिटली. जळण मिळालं हे खरं. लाकूड चांगलं जळतं. पण जळणानं गुरं जगत नाहीत.

डंपांचा प्रवासही तिथे थांबला नाही. या शतकाच्या सुरुवातीला चीनची मागणी वाढली, आणि टाकाऊ म्हणून टाकलेल्या मातीतलं हलकं खनिजही विकलं जाऊ लागलं. झाडांनी बांधलेला डंप उचलायचा तर आधी झाडंच काढावी लागतात. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पण डंपांचं काय करायचं हा वाद चालूच राहिला.

सड्यावरच्या चराईच्या जागांना आणि पाणवठ्यांना गावोगाव आपापली नावं असतात. जुन्या जाणत्यांकडून ती आताच उतरवून घेतली, तर कुठला सडा केव्हा झाकला गेला ते तरी कळेल.