हार्वेस्टरसोबत तणाचं बीही येतं. शेतात घेण्याआधी काय तपासाल?

सोयाबीन, गहू, हरभरा काढायला आता गावोगाव बाहेरचे हार्वेस्टर येतात. पंजाब-हरियाणाची मशिनं वाटेत दोन-तीन राज्यांत काढणी करत आपल्या शिवारात उतरतात. काम झटपट होतं, पण मशिनच्या सांदीकोपऱ्यात अडकलेलं तणाचं बीही आपल्या रानात पडतं.

ऑस्ट्रेलियात काय करतात?
तिथल्या क्वीन्सलँड राज्यात आपल्यासारखंच गाजर गवत माजलं आहे. ते आपल्याकडे शिरू नये म्हणून शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्याने सीमेवर तपासणी ठेवली आहे. क्वीन्सलँडमधून येणारा हार्वेस्टर आधी मालकाने साफ करायचा, मग अधिकारी तपासणार. हार्वेस्टरचा पुढचा कटर आणि काढणीला सोबत असलेल्या गाड्याही यात येतात. तिथे २०१५ चा जैवसुरक्षा कायदा आहे, नियम मोडला तर दंड होतो.

आपल्याला भीती कसली?
गाजर गवत पुण्यात १९५० च्या दशकात नोंदलं गेलं, आज ते प्रत्येक बांधावर आहे. एका मोठ्या झाडाला १०,००० च्या वर बी येतं. आता भीती नव्या तणाची आहे. गव्हातलं गुल्ली डंडा (मंडूसी) हे तण लहानपणी गव्हासारखंच दिसतं. पंजाब-हरियाणात १९९० च्या दशकात त्याच्यावर आयसोप्रोट्युरॉन चालेनासं झालं. असं औषधाला न जुमानणारं बी रानात आलं तर खुरपणीचा खर्च वर्षानुवर्षे आपल्याच माथी.

हे तपासा
आपल्याकडे नाक्यावर हार्वेस्टरमधलं तणाचं बी कुणी बघत नाही. म्हणून बांधावर आपणच बघायचं.

- मशिन ठरवतानाच सांगा : साफ करून आणलं तरच शेतात घेऊ.
- आधी कुठे, कोणत्या पिकात चाललं ते ड्रायव्हरला विचारा.
- कटर, ड्रम, चाळण्या, धान्याची टाकी, एलिव्हेटरचा तळ आणि टायरला चिकटलेली माती बघा.
- झाकणं उघडण्याआधी इंजिन बंद, चावी बाहेर. हात घालायचं काम ड्रायव्हरनेच करावं.
- साफसफाई शेताबाहेर, ताडपत्रीवर करा. ब्लोअरने कचरा उडवून खाली पडलेला गोळा करा आणि जाळा.
- पहिल्या फेरीचा माल बियाण्यासाठी ठेवू नका.
- पुढच्या हंगामात मशिन जिथून शिरलं तो कोपरा आधी बघा. अनोळखी तण दिसलं तर फुलावर येण्याआधी उपटा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

गावात एकच मशिन सगळ्यांची रानं काढणार असेल, तर पहिल्या शेतकऱ्यानेच ते साफ करून घ्यावं. त्यात सगळ्या गावाचा फायदा आहे.