कपडे वाळवण्याची दोरी कशी निवडावी?

पावसाळ्यात कपडे वाळत घालताना विजेचा धक्का बसून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. अशा अनेक अपघातांत दोरीऐवजी लोखंडी तार बांधलेली असते. घरावर येणाऱ्या सर्व्हिस वायरचे आवरण झिजून ती पत्र्याला किंवा तारेला टेकली, की वीज तारेत उतरते आणि ओल्या कपड्याला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जाते. घरगुती २३० व्होल्टचा दाबही जीवघेणा ठरतो.

म्हणूनच पहिला नियम असा, की दोरीत धातू नसावा. प्लास्टिकचे रंगीत आवरण असलेल्या काही दोऱ्यांच्या आत पोलादी तार असते. टोक कापून पाहिल्यास ती दिसते.

दुसरा निकष पाणी शोषण्याचा. काथ्या आणि सूत कोरडे असताना वीज फारशी वाहू देत नाहीत; परंतु दोन्ही सहज भिजतात. नायलॉनही काही प्रमाणात पाणी शोषते. पॉलिप्रॉपिलीन मात्र जवळजवळ शोषत नाही. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचा तुकडा बादलीत दाबून भिजवला, तरी पुन्हा वर येतो, नायलॉन बुडते. कडक उन्हात पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते. तंतू सुटू लागताच दोरी बदलावी.

तथापि, कोणतीही घरगुती दोरी विजेपासून संरक्षणाची हमी देत नाही. पिळांत साचलेले पाणी, धूळ आणि किनारपट्टीवरील खारा थर यांतून वीज वाहू शकते. वीजवाहिन्यांवर काम करण्यासाठीच्या विद्युतरोधक दोरांना आयईसी ६२१९२ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक २००९ पासून आहे. बाजारातील साध्या दोरीने तारेवर पडलेली फांदी ओढणे त्यामुळे जिवावर बेतू शकते. अशा वेळी १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावे.

दोरी विजेचा खांब, सर्व्हिस वायर, मीटरपेटी आणि पत्र्याची शेड यांपासून दूर बांधावी. घरातील वायरिंगसाठी ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी उपकरण बसवावे. मात्र सर्व्हिस वायर या उपकरणाच्या आधी येत असल्याने तिच्यातील दोषावर ते उपयोगी पडत नाही. दोरीला वा कपड्याला हात लावताच झिणझिण्या जाणवल्या, तर पुन्हा स्पर्श न करता इतरांना दूर ठेवावे, शक्य असल्यास मेन स्विच बंद करावा आणि वायरमनकडून तपासणी करून घ्यावी.