मॅथ्यूज, स्टोकचे प्रेक्षक आणि खेळाडूंची वेतनमर्यादा (१९०१-१९६१)

सन १९३८ च्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडमधील स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरी, किंग्ज हॉल नामक सभागृहात, एक असाधारण सभा भरली. चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांकरिता हे शहर प्रसिद्ध आहे. आणि सभेस जमलेले लोक बव्हंशी त्या कारखान्यांत राबणारेच होते. सभागृहात तीन हजारांवर माणसे दाटली होती. आणखी हजारभर लोक फलक घेऊन बाहेर उभे होते. प्रश्न मजुरीचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. स्टोक सिटी या फुटबॉल क्लबचा उजव्या बगलेवर खेळणारा तेवीस वर्षांचा खेळाडू स्टॅन्ली मॅथ्यूज याने दुसऱ्या क्लबात जाण्याची परवानगी मागितली होती, आणि ती त्याला मिळू नये, एवढीच सभेची मागणी होती. मॅथ्यूज जाणार नाही, असे लवकरच जाहीर झाले. शहर जिंकले.

या विजयाची चिकित्सा करण्याजोगी आहे. क्लबांनी उन्हाळ्यात कोणता खेळाडू घ्यावा, कोणता सोडावा, आणि ज्याला घ्यावयाचे त्याला किती वेतन द्यावे, याविषयीचा प्रेक्षकांचा वाद आज सर्वत्र ऐकू येतो, आणि तो फुटबॉलइतकाच जुना आहे असे मानण्याकडे कल असतो. वस्तुतः या वादाचा पहिला भाग जुना आहे. दुसरा भाग इंग्लंडमध्ये १९६१ पूर्वी त्या अर्थाने संभवतच नव्हता. वेतन हा वादाचा विषय होण्यासाठी ते कमीअधिक होणे शक्य असावे लागते. तेथे ते नियमाने बांधलेले होते.

ही बांधणी दोन दोऱ्यांची होती. १८८५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली, १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली, आणि १८९० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत खेळाडू राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे. परंतु करार संपला तरी त्याची नोंदणी क्लबच्या हाती राही, आणि क्लबच्या संमतीवाचून त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबासाठी खेळता येत नसे. दुसरी दोरी १९०१ मध्ये आवळली गेली. त्या वर्षीच्या हंगामापासून आठवड्यास चार पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा ठरली. श्रीमंत शहरांच्या क्लबांनी साऱ्या गुणी खेळाडूंना आपल्याकडे ओढून नेऊ नये, हे यामागचे समर्थन होते. ते निव्वळ ढोंग होते असे म्हणता येणार नाही.

तथापि वेतन बांधले गेले तरी खेळाडूची किंमत बांधली गेली नाही. १९०५ मध्ये मिडल्झबरो क्लबने सन्डरलंडकडून आल्फ कॉमन यास एक हजार पौंड देऊन घेतले, तेव्हा एका माणसासाठी इतके द्रव्य मोजावे काय, यावरून वृत्तपत्रांत मोठा गहजब झाला. मिडल्झबरोच्या प्रेक्षकांना मात्र आपला क्लब खालच्या श्रेणीत जाऊ नये, याची चिंता अधिक होती. कॉमनने पहिल्याच सामन्यात गोल करून परक्या मैदानावर विजय मिळवून दिला आणि क्लब त्या वर्षी तरला. १९२८ मध्ये आर्सेनलने डेव्हिड जॅकसाठी दहा हजारांवर पौंड दिले. १९३८ च्या ऑगस्टात, म्हणजे स्टोकच्या सभेनंतर सहा महिन्यांनी, त्याच क्लबने ब्रिन जोन्ससाठी १४,००० पौंड मोजले. याच काळात वेतनाची मर्यादा चार पौंडांवरून हंगामात आठ व उन्हाळ्यात सहा पौंड, एवढीच वाढली होती. म्हणजे १९०५ मध्ये सर्वांत महाग खेळाडूची किंमत त्याच्या २५० आठवड्यांच्या कमाल वेतनाइतकी होती. १९३८ मध्ये ती १,७५० आठवड्यांच्या, म्हणजे तेहतीस वर्षांहून अधिक काळाच्या वेतनाइतकी झाली. त्या चौदा हजारांतून खेळाडूच्या हाती अधिकृतपणे पडत ते करारावर सही केल्याबद्दलचे दहा पौंड. भागधारकांचा लाभांशदेखील साडेसात टक्क्यांवर रोखलेला असल्यामुळे तिकीटविक्रीचा पैसा बराचसा एका क्लबाकडून दुसऱ्या क्लबाकडे फिरत राही. पैसा प्रेक्षकांचा, श्रम खेळाडूंचे, आणि हिशेब मात्र संचालकांमधला.

आता मॅथ्यूजची तक्रार पाहावी. तो याच शहरातील हॅन्ली भागातल्या एका न्हाव्याचा मुलगा; घरचाच खेळाडू. इंग्लंडच्या संघातही त्याचे स्थान होते. पाच वर्षांच्या सेवेनंतर खेळाडूस कमाल ६५० पौंड बक्षीस देण्याची मुभा होती. मॅथ्यूजने ते पूर्ण मागितले. धंदेवाईक होण्यापूर्वीचा काळ सेवेत धरता येत नाही, या सबबीवर क्लबने ५०० देऊ केले. व्यवस्थापक बॉब मॅग्रोरी याच्याशीही त्याचे जमेना. दीडशे पौंडांचा हा तंटा किरकोळ नव्हता. ते त्याचे अठरा-एकोणीस आठवड्यांचे वेतन होते. परंतु सभेत जो प्रश्न उभा राहिला तो या दीडशे पौंडांचा नव्हता. मॅथ्यूजने शहर सोडावे की नाही, हा होता. कुठल्याही क्लबात गेला तरी त्याला आठच पौंड मिळणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मग जाणाऱ्याला जाण्याचे पैशाशी निगडित असे प्रतिष्ठित कारणच उरत नव्हते. उरत होता तो केवळ निष्ठेचा अभाव. वेतन गोठवणाऱ्या नियमाने प्रेक्षकांच्या वादाची भाषाच ठरवून टाकली होती, असे म्हणावे लागते.

भांड्यांच्या भट्ट्यांवरील कामगार मजुरी पटली नाही तर पलीकडच्या कारखान्यात जाऊ शकत होता. जो हक्क त्याने स्वतःकरिता कधीच सोडला नसता, तो आपल्या लाडक्या खेळाडूस मिळू नये म्हणून तो थंडीत फलक घेऊन उभा राहिला. यात त्याची कुचेष्टा करण्याचे कारण नाही. आठवडाभराच्या धुरानंतर शनिवारी दुपारी जे त्याला पाहावयास मिळे, ते शहराच्या मालकीचे आहे, ही त्याची भावना खरी होती. परंतु एखाद्या गावाने गुणी कारागिरास वतन न देता वतनदाराप्रमाणे बांधून ठेवावे, तसा हा प्रकार होता.

मॅथ्यूज अखेर गेला, तो महायुद्धानंतर, १९४७ च्या मे महिन्यात; ब्लॅकपूल क्लबने ११,५०० पौंड दिले. स्टोक तेव्हा लीगच्या विजेतेपदाच्या स्पर्धेत होते. लांबलेल्या त्या हंगामाचा शेवटचा सामना जूनमध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध झाला, तो स्टोकने गमावला आणि विजेतेपद हुकले. मॅथ्यूज बत्तीस वर्षांचा झाला आहे, आता विकण्यात शहाणपण आहे, हा हिशेब करणाऱ्यांचे अंदाज किती चुकले, हे पुढील चौदा वर्षांनी दाखविले.

१९५८ पर्यंत वेतनमर्यादा वीस पौंडांवर आली होती. जिमी हिल याच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने ती पूर्णपणे उठविण्यासाठी संपाची तयारी केली. मँचेस्टर येथील बैठकीत एका तरुण खेळाडूने आपल्या खाणकामगार पित्याचा दाखला देऊन वीस पौंड पुरेसे असल्याचे सुचविले. त्यावर बोल्टनचा टॉमी बँक्स उठला. खाणीतले काम कष्टाचे आहे हे त्याने मान्य केले. परंतु सोमवारी कोळसा खणताना तीस हजार लोक पाहावयास येत नाहीत, आणि आपणास मात्र त्यांच्या देखत मॅथ्यूजला अडवावयाचे असते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. मॅथ्यूज त्या बैठकीस उपस्थित होता. १९३८ च्या सभेत कोणास न सुचलेला युक्तिवाद तो हाच : प्रेक्षकांची गर्दी ही खेळाडूच्या श्रमाचे मोल ठरविण्याचे माप आहे, त्याच्यावरील मालकीचा पुरावा नव्हे.

१९६१ च्या जानेवारीत संपाच्या उंबरठ्यावर मर्यादा रद्द झाली, आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्यास शंभर पौंड मिळू लागले. राखून ठेवण्याच्या पद्धतीवर आघात व्हावयास आणखी दोन वर्षे लागली; जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकासल युनायटेडविरुद्ध चालविलेल्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी जुलै १९६३ मध्ये ती व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन ठरविली. लहान शहरांविषयीची जुनी भीती मात्र खोटी ठरली नाही. जेमतेम ऐंशी हजार वस्तीच्या बर्न्लीने १९६० मध्ये विजेतेपद मिळविले होते. १९७१ मध्ये तो क्लब दुसऱ्या श्रेणीत उतरला. ब्लॅकपूल १९६७ मध्येच उतरले होते. खेळाडूस न्याय मिळाला, त्याचे मूल्य काही अंशी अशा शहरांनी चुकविले.

१९६१ च्या ऑक्टोबरात स्टोकने शेहेचाळीस वर्षांच्या मॅथ्यूजला सुमारे साडेतीन हजार पौंडांत परत आणले. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता, आणि घरच्या मैदानावरील सामन्यास आठ हजारांच्या आसपास माणसे येत. हडर्सफील्डविरुद्धच्या त्याच्या पुनरागमनाच्या सामन्यास पस्तीस हजारांहून अधिक आली. या वेळी त्याला राखून ठेवण्यासाठी कोणास सभा भरवावी लागली नव्हती.